दुबळ्या उमेदवाराचे ओझे

मोठ्या निवडणुकीतील दुबळा उमेदवार स्वतः पडतो, एवढ्यावरच भागत असते तर त्याची चिंता त्याच्या पक्षाने करावी. परंतु तो विधानसभेच्या उमेदवारांनाही आपल्याबरोबर ओढून नेतो काय, हा प्रश्न पिंपरी-चिंचवडकरांचा आहे. मे २०१९ च्या निकालात मावळ लोकसभा मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेसचे नवखे उमेदवार श्री. पार्थ पवार दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले. पाच महिन्यांनी त्याच पक्षाने याच मतदारसंघातील पिंपरी व मावळ या विधानसभेच्या जागा जिंकल्या. मावळात तर राज्यमंत्री श्री. बाळा भेगडे नव्वद हजारांहून अधिक मतांनी हरले. विजयी श्री. सुनील शेळके ऐन वेळी भाजपमधून आले होते, हे मान्य. तरीही मतदाराला माणसे वेगवेगळी तोलण्यास अवसर मिळाला, हे नाकारता येत नाही.

लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र घेण्याचे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडले गेले. खर्च वाचेल, हे खरे. पण हा अवसर जाईल त्याचे काय? लोकसभेच्या उमेदवाराविषयी ज्याला उमेद नाही तो कार्यकर्ता घराबाहेर पडत नाही. मग रात्रपाळी करून आलेल्या चिंचवडच्या कामगाराला मतदानकेंद्रापर्यंत नेणार कोण? तो गेला नाही की विधानसभेचा लायक उमेदवारही त्याच्या मताला मुकतो. (पुढाऱ्यांच्या मुलांना एकदम लोकसभेच्या पायरीवर चढविण्याचा मोह आपल्या पक्षांना सुटलेला नाही, हेही ध्यानात घ्यावे.) मावळच्या या अनुभवाचे उत्तर एकत्र निवडणुकांच्या कैवाऱ्यांनी आधी द्यावे.