गोठ अशुद्ध नाही

वऱ्हाडातलं पोट्टं वर्गात उभं राहून ‘मले एक गोठ सांगाची हाय’ म्हणतं. त्याची गोठ राहते बाजूला. आधी त्याच्याकडून ‘गोष्ट’ म्हणून घेतलं जातं, मग वर्ग हसतो आणि त्या पोराचं तोंड बंद होतं. माझ्या पिढीत हे घडलं, आजही घडतं. हा भाषेच्या नावाखाली चाललेला अडाणीपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

संस्कृतातला ‘ओष्ठ’ मराठीत ‘ओठ’ झाला, ‘पृष्ठ’ची ‘पाठ’ झाली, ‘कोष्ठ’चा ‘कोठा’ झाला, गाईंच्या ‘गोष्ठा’चा ‘गोठा’ झाला. मग ‘गोष्ठी’चं काय व्हायला हवं? प्राकृतात ‘गोट्ठी’, आणि पुढे ‘गोठी’, ‘गोठ’. वऱ्हाडी माणूस नेमकं तेच म्हणतो. नियमाबाहेर आहे ती ‘गोष्ट’. संस्कृताचा ‘ष’ तिने धरून ठेवला, बाकी घराणं मात्र प्राकृताच्या वाटेने गेलं. तरी ‘गोष्ट’ शुद्ध आणि ‘गोठ’ गावंढळ! ज्यांना हे पटतं त्यांनी ‘ओठ’ म्हणणंही सोडावं. संतांनी ‘गोठी’ हे रूप ज्ञानेश्वरीपासून मोकळेपणाने वापरलं आहे. तिथे लाल शाई चालवायची कुणाची छाती होत नाही.

अर्थाच्या प्रवासात युरोपातल्या जर्मानिक भाषांमध्ये ‘गोष्ठी’चा जुळा भाऊच सापडतो. इंग्रजी ‘थिंग’, जर्मन ‘डिंग’, नॉर्वेजियन ‘टिंग’ हा मूळ एकच शब्द, आणि त्याचा जुना अर्थ लोकांची सभा. सभेत चर्चेला येतं ते प्रकरण, प्रकरणावरून बाब, बाबीवरून वस्तू, असा तो सरकत गेला. आइसलँडची 930 साली सुरू झालेली संसद ‘अल्थिंग’ आणि नॉर्वेची ‘स्टोर्टिंग’ यांनी सभेचा अर्थ अजून जपला आहे. आपली गोष्ठीही तशीच चालली: गाई बांधायची जागा, मग माणसं जमायची जागा, मग तिथली बोलणी, त्यातून कथा आणि शेवटी कुठलीही बाब. हिंदीत गोष्ठी म्हणजे चर्चासभा, बंगालीत कुळ, कन्नडात पत्रकार परिषदेला पत्रिकागोष्ठी, छत्तीसगढीत गोठियाना म्हणजे बोलणं. पण इंग्रजीत ‘थ’ आणि जर्मनमध्ये ‘ड’ आहे म्हणून तिकडचा अभ्यासक कुणाला अशुद्ध ठरवत नाही. तो ध्वनिबदलाचा नियम दाखवतो. आपण छडी दाखवतो.

आणि छडी दाखवतो कुणाला? ज्या मुलखात मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ उभा राहिला, त्याला. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव. तिथे म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास चक्रधरस्वामींचं चरित्र, लीळाचरित्र, रचलं. ते तरी कसं रचलं? चक्रधरस्वामींचा सहवास लाभलेल्यांना शोधून, विचारून, ऐकून. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर तो फरकही नोंदवला गेला. बोलणाऱ्याच्या तोंडून आलेल्या शब्दाला इतकी प्रतिष्ठा मराठीत क्वचितच कुणी दिली असेल. चक्रधरांनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी तर आपल्या पंडित शिष्यांना संस्कृतापासून अडवलं, कारण पंथातल्या साध्या बायांना ते कळलं नसतं.

मग शुद्धतेचा ठेका दुसरीकडे कसा गेला? इतिहास सरळ आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, पुढे मेजर कँडींनी पाठ्यपुस्तकांची मराठी घडवली. हे सगळं मुंबई इलाख्यात झालं आणि मानदंड ठरला पुण्याच्या शिष्टांचा. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होतं; 1853 मध्ये ते इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, तरी मुंबई इलाख्यात गेलं नाही. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा बाहेरच्यांना त्या वाचता आल्या. म्हणजे ज्यांनी प्रमाण ठरवलं त्यांच्यासमोर वऱ्हाड नव्हतंच. न ऐकलेल्या साक्षीदाराविरुद्ध दिलेला तो निकाल आहे आणि तो आम्ही दीडशे वर्षं निमूट पाळतो आहोत.

निमूटपणाचा दोष आमचाही आहे. शहरात नोकरी लागली की आम्हीच लेकरांना दटावतो, ‘गोठ’ म्हणू नको. विनोदी नाटकात वऱ्हाडी बोलणारा नोकर आला की आम्हीच टाळ्या पिटतो.

प्रमाण मराठीला माझा विरोध नाही; हा लेख तिच्यातच लिहिला आहे. परीक्षेत, कचेरीत ती हवी. पण प्रमाण म्हणजे सोयीचा करार, तो मूळपणाचा दाखला नव्हे.

मूळपण शोधायचं काम कोशाचं. कृ. पां. कुलकर्ण्यांनी 1946 साली मराठी व्युत्पत्तिकोश दिला, तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांनी जुन्या मराठीचा कोश केला. मोठी कामं, पण मोजक्या माणसांच्या खांद्यावरची. इंग्रजांच्या ऑक्सफर्ड कोशाचे भाग 1884 पासून 1928 पर्यंत निघत राहिले आणि त्यासाठी हजारो सामान्य वाचकांनी शब्दांचे दाखले टिपून पाठवले. आता 2024 पासून रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्याने समारंभ कमी करावेत आणि मोर्शी, अचलपूर, अकोट, बाळापूरच्या वावरांत, आखरावर, बाजारात माणसं पाठवावीत. म्हाताऱ्यांच्या तोंडचे शब्द लिहून घ्यावेत, पोथ्यांतल्या रूपांशी ताडून पाहावेत आणि ‘गोठ’ला कोशात ‘गोष्ट पाहा’ एवढ्यावर न भागवता स्वतःची पूर्ण नोंद द्यावी. गुरुजींनो, तोवर तुम्ही एवढंच करा: पोरगं ‘गोठ’ म्हणालं तर त्याला मधे थांबवू नका, त्याची गोठ पुरी ऐका.