आकाशातील गायरान

गायरान साऱ्या गावाचे असते. म्हणूनच पुष्कळदा त्याची निगा कोणीच राखीत नाही. पृथ्वीभोवतालच्या अवकाशाची आज तीच गत झाली आहे. ती प्रत्यक्ष पाहण्याचे एक साधन आता उपलब्ध आहे. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर बोटाने फिरविता येणारा पृथ्वीचा गोल दिसतो व त्याभोवती उपग्रह, निकामी रॉकेटे आणि त्यांचे तुकडे ठिपक्यांच्या रूपाने फिरत असतात. ठिपक्यावर बोट ठेवताच त्याचे नाव, उंची व मार्ग कळतो. ग्रामकार्यकर्त्यांनी हा गोल गावात अवश्य दाखवावा, असे आमचे मत आहे.

शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे २ एप्रिल २०२२ रोजी आकाशातून धातूचे मोठे कडे पडले. २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटचा तो अवशेष असावा, असे तज्ज्ञांनी सांगितले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. शिवाय, पावसाच्या अंदाजासाठी लागणारी ढगांची चित्रे पाठविणारा, २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हाही याच अवकाशात आहे. तेव्हा हा विषय आपल्या बांधापर्यंत आलेला आहे.

हा कचरा वाढला कसा, हेही समजून घ्यावे. २००७ मध्ये चीनने आपलाच एक जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे ३,००० हून अधिक तुकडे नोंदले गेले. १० फेब्रुवारी २००९ रोजी रशियाचा निकामी कॉसमॉस २२५१ व अमेरिकेचा चालू इरिडियम ३३ हे उपग्रह सायबेरियावर एकमेकांवर आदळले. खालच्या कक्षेतील तुकडे विरळ हवेच्या घर्षणाने काही काळात खाली येतात. मात्र ८०० किलोमीटर उंचीवरचे तुकडे अनेक दशके फिरत राहतात.

गोल दाखविताना दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली, ठिपके प्रमाणात नसतात. गोल एक फूट रुंद असेल, तर एक मिलिमीटरचा ठिपका सुमारे ४० किलोमीटरचा होतो! म्हणून आकाश गच्च भरले आहे, असा समज होऊ देऊ नये. दुसरी, ठिपक्याची जागा बहुधा गणिताने काढलेली असते आणि लहान तुकडे तेथे दिसतच नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांवर आहेत. ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने जाणारा असा तुकडा उपग्रह निकामी करू शकतो.

शेतात अशी वस्तू आढळल्यास तिला हात लावू नये. तिच्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना व गुरांना दूर ठेवावे आणि पोलीस पाटलांना तात्काळ कळवावे. पिकाचे किंवा घराचे नुकसान झाले असल्यास पंचनामा करून घ्यावा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरील अशा नुकसानीची भरपाई यान सोडणाऱ्या राष्ट्राकडे, आपल्या शासनामार्फत, मागता येते. ज्याने घाण केली त्याने ती निस्तरावी, हा गावचा न्याय आकाशालाही लागू झाला पाहिजे. आणि तो मागण्यासाठी आधी ती घाण आपल्या दृष्टीस पडली पाहिजे.