आकाश कोणाच्या मालकीचे?

२०२५ सालच्या मार्गशीर्ष पौर्णिमेस, ४ डिसेंबर रोजी, दत्तजयंती होती. त्याच दिवसांत देशातील विमानतळांवर जे दृश्य दिसले, ते लोकांनी विसरावे असे अनेकांस वाटत असेल. आम्ही ते विसरणार नाही. देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीची, इंडिगोची, उड्डाणे एकामागून एक रद्द झाली. ५ डिसेंबर ह्या एकाच दिवशी हजाराहून अधिक. दिवस लग्नसराईचे आणि जत्रांचे. मुंबईहून वा हैदराबादेहून गोव्यातील कुळदेवतेच्या दर्शनास निघालेला कुळावी असो, की आजारी आईकडे धावणारा मुलगा असो, सर्वांस उत्तर एकच: विमान नाही. दुसऱ्या कंपनीचे विमान गाठावे, तर दर ऐकून छाती दडपावी.

हे संकट आभाळातून कोसळले नव्हते. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा अखेरचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आला. एवढा अवधी हाती असता पुरेसे वैमानिक का नव्हते? आणि सरकारने प्रथम काय केले? नियमच त्या कंपनीपुरते काही काळ सैल केले! ६ डिसेंबरला भाड्यावर मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरपलीकडे १८,००० रुपये. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. जी कंपनी थांबली की देश थांबतो, तिच्यापुढे कायदाही वाकतो, हाच ह्या प्रकरणाचा धडा होय.

ही अवस्था एका दिवसात आली नाही. १९५३ साली सरकारने खाजगी कंपन्या ताब्यात घेतल्या व देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सच्या हाती दिली. १९९४ साली तो कायदा रद्द झाला, तेव्हा आता प्रवासी राजा होणार असे सांगण्यात आले. पुढे काय झाले? ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त त्याच दशकात मिटल्या. किंगफिशर २०१२ साली, जेट २०१९ साली, गो फर्स्ट २०२३ साली जमिनीवर आली. कोणी डामडौलात बुडाले, कोणी खर्चाहून कमी दराने तिकिटे विकून, तर कोणाची विमाने इंजिनांअभावी उभी राहिली. २०२४ साली विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. परिणामी २०२५ साली दर दहा प्रवाशांतील सुमारे नऊ जण दोनच समूहांच्या विमानांतून जात होते आणि त्यांतले सहाहून अधिक एकट्या इंडिगोचे. सरकारी मक्तेदारी गेली. तिच्या जागी खाजगी मक्तेदारी बसली.

ह्यावर कोणी म्हणेल, ती कंपनी काटकसरीने व शिस्तीने मोठी झाली, तिच्या यशाचा मत्सर का करावा? तिचे कर्तृत्व आम्ही मान्य करतो. स्वस्त तिकिटाने सामान्य गृहस्थास विमानात बसविले, हे श्रेय तिचे आहेच. परंतु कर्तृत्व निराळे आणि निरंकुशता निराळी. आमच्या देवस्थानांत सेवेच्या पाळ्या असतात. एखादे घराणे कितीही निष्ठावान असो, गाभाऱ्याची किल्ली कायमची त्याच्या घरी जात नाही आणि हिशेब महाजनांपुढे ठेवावाच लागतो. विमानतळावरील उड्डाणाच्या वेळा ह्याही अशाच समाजाच्या ठेवी आहेत. त्या कोणाची वतने नव्हेत.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. पुरेसे वैमानिक नसता वेळापत्रक फुगविणाऱ्या कंपनीकडून त्या वेळा काढून घ्याव्या व इतरांस द्याव्या. एकाच कंपनीच्या हाती असलेल्या मार्गांवर दुसरीस सवलत देऊन उतरवावे. भाड्याची कमाल मर्यादा संकटाआधीच ठरलेली असावी. उड्डाण ऐनवेळी रद्द करणाऱ्याने तिकिटाचे पैसे परत करून हात झटकू नयेत. खोळंब्याची भरपाईही द्यावी. आणि वैमानिकाच्या झोपेचा नियम कोणासाठीही सैल होऊ नये, कारण त्या झोपेवर शेकडो प्राण विसंबून असतात.

स्पर्धा हवीच, पण पंच झोपी गेला की स्पर्धेत शेवटी एकच मल्ल उरतो, आणि मग प्रेक्षकांनाच चीत व्हावे लागते. सरकारने आता तरी जागे व्हावे.