बारमाही हिरवाईसाठी कोनोकार्पस कशाला?



पावसाळा तोंडावर आला की वसई-विरारच्या सोसायट्यांत झाडांच्या याद्या निघतात. आमच्या भागातल्या एका संकुलाची यादी याच आठवड्यात फलकावर लागली: कुंपणाला कोनोकार्पस, फाटकाशी बॉटल पाम, आत सोनेरी ड्युरांटा. इथल्या मातीतले एकही नाही. विचारले तर ठरलेले उत्तर, ‘देशी झाडांची पानं गळतात, आम्हाला बारमाही हिरवं हवंय.’

हे साफ खोटे आहे, आणि वसईत उभे राहून कुणी हे सांगावे याचा संताप येतो. बकुळ, उंडी, सीताअशोक, सोनचाफा, जांभूळ, फणस ही सगळी सदाहरित झाडे. जुने पान गळते तोवर नवे आलेले असते, झाड कधी उघडे पडत नाही. उलट ज्या गुलमोहराने आपण रस्ते भरले तो मादागास्करचा, आणि उन्हाळा सुरू होताना, सावली हवी तेव्हाच, निष्पर्ण होणारा.

तलासरी ओलांडली की गुजरात. त्या राज्याच्या वनखात्याने २०२३ मध्येच कोनोकार्पस लावायला बंदी केली. कारणे दोन: परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा, आणि मुळांमुळे गटारांचे व जमिनीखालच्या केबलींचे नुकसान. तेच झाड आपण पैसे मोजून आणायचे?

उंडीचे पान एकदा हातात घेऊन पाहा. जाड, तुकतुकीत, कंगवा फिरवल्यासारख्या बारीक समांतर शिरा. खारा वारा ते सहज सोसते. पांढऱ्या फुलांना सुंदर वास असतो. कोकणात उंडीचे तेल दिव्यात जळले, होड्यांना लागले. आणि आपण किनाऱ्यावर काय लावले? बाहेरून आणलेला सुरू!

देशी झाडे सावकाश वाढतात, असेही ऐकवतात. बकुळीपुरते खरे आहे, पण ती एकदा वाढली की पिढ्यान्‌पिढ्या सावली देते. घाई असेल त्यांनी कलमी सोनचाफा लावावा, दोनेक वर्षांत फुलतो. पहाटेच्या लोकलने दादरला जाणारी चाफ्याची फुले वसईच्याच वाड्यांतली असतात. कुंपणाला अडुळसा आणि कुंती आहेत. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने बांधकाम परवानगीसोबतच स्थानिक सदाहरित झाडांची यादी बंधनकारक करावी.

आणि ही झाडे ज्या पाण्यावर जगायची त्याचे काय? पश्चिम पट्ट्यातली बावखले, म्हणजे छोटी तळी, बुजवून इमारती उठल्या. पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारी, वाड्यांना गोडे पाणी पुरवणारी ती व्यवस्था होती. आता टँकर मागवून ड्युरांटा जगवायचा आणि त्याला हिरवी वसई म्हणायचे! उरलेल्या बावखलांची महसूल दफ्तरी नोंद करून त्यांच्यात भराव टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, आणि हे काम पावसाआधी सुरू करा.

– एक वाचक, आगाशी, विरार (प.)