उपासमारीचा आजार आणि डॉक्टरांचे शिक्षण

इंग्लंडच्या संसदीय व आरोग्यसेवा लोकपालांनी डिसेंबर २०१७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. १९ वर्षांची एक विद्यार्थिनी २०१२ साली अ‍ॅनोरेक्सियाने, म्हणजे स्वतःहून अन्न तोडण्याच्या विकाराने, दगावली होती. रुग्णालयातून सुटून ती विद्यापीठात शिकावयास गेली आणि अवघ्या काही आठवड्यांत खंगत गेली. तिच्याशी संबंध आलेल्या प्रत्येक सरकारी आरोग्यसंस्थेने तिला वाचविण्याची संधी दवडली, हा मृत्यू टळू शकला असता, असा लोकपालांचा निष्कर्ष होता. तो मिळविण्यासाठी आईबापांना पाच वर्षे झगडावे लागले. डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस अहवालात होती. तिची गरज किती, हे पुढच्याच वर्षी दिसले. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या पाहणीत असे आढळले की, पदवीच्या साऱ्या वर्षांत या विकारांना सरासरी दोन तासही मिळत नाहीत. मानसिक आजारांत ज्यांचा मृत्युदर सर्वाधिक आहे त्यांपैकी हा एक. आणि त्याला दोन तास!

वस्तुतः या आजाराचे ज्ञान वैद्यकाला नवे नाही. १८७३-७४ च्या सुमारास लंडनच्या सर विल्यम गल यांनी त्याला नाव दिले. त्याच वेळी त्यांनी असेही ठरविले की, अशा रुग्णाच्या शुश्रूषेला नातेवाईक सर्वांत अयोग्य. हे मत पुढे शंभर वर्षे टिकले. मुलीला घरापासून तोडावयाचे आणि दोष आईच्या माथी मारावयाचा, अशीच उपचारांची रीत पडली. लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयात रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० रुग्णांवर केलेला प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या समजुतीला तडा गेला. ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना कुटुंबासह केलेल्या उपचाराचा अधिक लाभ झाला. या पद्धतीत आईबाप ताटाजवळ बसतात, मुलीला पुरेसे जेवू घालतात, आणि वजन सावरले की खाण्याचा कारभार हळूहळू तिच्या हाती देतात. ऐकावयास सोपे वाटते. पण जेवणाच्या प्रत्येक वेळी घरात जे रण माजते ते सोसलेल्यांनाच ठाऊक.

म्हणूनच २००८ साली अमेरिकेत पालकांनी 'फीस्ट' ही संघटना उभारली आणि आपला अनुभव डॉक्टरांपुढे मांडावयास आरंभ केला. २०१० साली या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय अकादमीनेही जाहीर केले की, कुटुंब हेच या विकाराचे मूळ कारण मानणारी कोणतीही उपपत्ती आम्हांस मान्य नाही. तज्ज्ञांनी पालकांकडून शिकावे, यात तज्ज्ञांना कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. तरी शंभरावर वर्षे लागली.

आपल्याकडे हा श्रीमंतांच्या मुलींचा नखरा समजला जातो. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुणींची हकीकत मांडली होती. त्या अन्न नाकारीत, त्यांना सतत वांत्या होत, त्या कमालीच्या वाळल्या होत्या आणि त्यांची पाळी थांबली होती. पण स्वतःच्या देहाविषयीची ती विकृत कल्पना त्यांच्यात दिसली नाही. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातले लक्षण शोधणाऱ्या डॉक्टरांच्या हातून अशी मुलगी निसटणार, हे उघड आहे. शिवाय आपल्या घरांत सोमवार, चतुर्थी, एकादशी असतातच. उपवासाच्या आडोशाने कितीही दिवस न जेवता काढता येतात, वर कौतुकही होते.

तेव्हा हा प्रश्न वैद्यकीय महाविद्यालयापुरता उरत नाही. वर्गात अकारण थंडी वाजणारी, चक्कर येणारी, डबा न उघडणारी मुलगी प्रथम शिक्षिकेच्याच नजरेस पडते. अशा मुलीची नाडी मंद झाली असेल, तर समजूत घालीत बसणे धोक्याचे आहे. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात एखाद्या बऱ्या झालेल्या मुलीला अथवा तिच्या आईला बोलावून तासभर बोलू द्यावयास कोणत्या शासन निर्णयाची वाट पाहावयाची?