डमी उघडल्यावर थोडे थांबा

घर तळेगाव (श्यामजी पंत) येथे असो वा मुंबईत, आजोबांनी ब्रिजमध्ये स्लॅम बोलला, डमी उघडली, की मागून कोणीतरी म्हणतेच, ‘टाका ना पान!’ कृपया असे म्हणू नका. स्लॅमचा निकाल पुष्कळदा याच क्षणी लागतो.

समजा, बोली सात नोट्रंप. तेराही हात करायचे. बारा नक्की आहेत. तुमच्याकडे किलवरचे एक्का-राजा-गुलाम, डमीत किलवरची तीन बारकी पाने आणि चौकटचे एक्का-राणी. चौकटची फिनेस आधी केली आणि राजा उजवीकडे निघाला, तर डाव तेथेच बुडाला. म्हणून प्रथम किलवरचे एक्का-राजा खेळावेत. राणी पडली, तर गुलाम तेरावा हात देतो. न पडली, तरच चौकटीकडे वळावे. एकाऐवजी दोन संधी मिळाल्या.

सत्तरीत ही मोजणी सावकाश होते, होऊ द्यावी. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन यांनी साठाव्या वर्षी, शिबनाथ सरकार यांच्या जोडीने, ब्रिजचे सुवर्णपदक मिळवले होते.

गावात चौथा गडी नसेल, तर चारही जणांची पाने उघडी मांडून एकट्याने असा डाव सोडवता येतो. बोटे थरथरत असतील, तर पाने उभी राहतील अशी खाचेची लाकडी पट्टी सुताराकडून करून घ्यावी.