मूळ म्हणजे अर्थ नव्हे

साहित्याच्या वर्गांत आणि समीक्षालेखांत एक युक्तिवाद फार बोकाळला आहे: शब्दाची व्युत्पत्ती सांगायची आणि 'हाच त्याचा खरा अर्थ' असा निकाल देऊन मोकळे व्हायचे. या सवयीला आमचा स्पष्ट विरोध आहे. तो का, हे रोमान्स भाषांतील 'बोलणे' या साध्या क्रियापदावरून दाखवता येईल.

अभिजात लॅटिनमध्ये बोलण्यासाठी 'लोक्वी' हे क्रियापद होते. लॅटिनच्या लेकींनी ते टाकले. स्पॅनिश 'आब्लार' आणि पोर्तुगीज 'फालार' यांचे मूळ 'फाबुलारी', म्हणजे पर्यायाने 'फाबुला': गोष्ट. फ्रेंच 'पार्ले' आणि इटालियन 'पार्लारे' यांचे मूळ 'पाराबोला'. हा मुळात ग्रीक शब्द. अर्थ शेजारी ठेवणे, तुलना. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या लॅटिनमध्ये तो येशूच्या दृष्टान्तांसाठी रुळला आणि पुढे झिजत झिजत नुसता 'शब्द' एवढ्या अर्थाला उरला.

आता व्युत्पत्तिवाद्यांनी सांगावे: माद्रिदचा माणूस तोंड उघडतो तो गोष्टी रचायला आणि पॅरिसचा दृष्टान्त द्यायला काय? शिवाय मूळ शोधताना थांबायचे कोठे? 'फाबुला' स्वतःच 'फारी', म्हणजे बोलणे, या क्रियापदापासून आलेली. गोष्टीच्या मुळाशी पुन्हा बोलणेच! प्लाउटुसच्या नाटकांतही 'फाबुलारी' म्हणजे साधे बोलणे, गप्पा मारणे.

याहून बोलका पुरावा उसनवारीचा आहे. फ्रेंचांनी स्पॅनिश 'आब्लार' उचलले, त्याचे 'आब्ले' झाले आणि अर्थ झाला बढाया मारणे. स्पॅनिशमध्ये बाहेरून आलेल्या 'पार्लार'चा अर्थ बडबडणे. आपले ते बोलणे, शेजाऱ्याची ती बडबड! हा अर्थ कोणत्या धातूत दडला होता? तो माणसांच्या व्यवहारात घडला.

यासाठी युरोपात जाण्याचीही गरज नव्हती. 'कुशल' म्हणजे मुळात कुश तोडून आणणारा, म्हणून 'कर्मात कुशल' येथे मम्मटाने लक्षणा मानली. १४व्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त ते नाकारले: शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे. हा ग्रंथ अभ्यासणाऱ्यांनीच तो विसरावा, हे दुर्दैव.

व्युत्पत्ती अवश्य शिकवावी; पण शब्दाचा इतिहास म्हणून. ती अर्थाच्या गादीवर बसली की विद्यार्थी कविता वाचत नाही, कोश उघडतो. कवीने त्या ओळीत शब्दाचे काय केले, हा खरा प्रश्न मग विचारलाच जात नाही.